धुरक्याआडचे आकाश वाचणारे डॉ. रामनाथन

दरवर्षी २८ फेब्रुवारीला देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. १९२८ मध्ये याच दिवशी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला जगप्रसिद्ध शोध जाहीर केला. त्या दिवशी शाळाशाळांतून रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र याच तारखेला, १८९३ मध्ये, केरळातील पालघाटजवळच्या कल्पाती या गावी जन्मलेल्या आणखी एका शास्त्रज्ञाची आठवण त्या दिवशी क्वचितच निघते. त्यांचे नाव कल्पाती रामकृष्ण रामनाथन. रामन यांच्या शोधाची पहिली चाहूल ज्या हातांना लागली होती, ते हात रामनाथन यांचे होते. पुढे याच हातांनी पुण्याच्या शिवाजीनगरातून आकाशातील वरच्या थरांचा वेध घेतला. पुणेकर ज्या चौकाला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, त्या चौकातली दगडी इमारत त्यांच्या कर्तृत्वाची एक मुख्य जागा होती, हे चौकात सिग्नलला थांबणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

रामनाथन यांचे वडील रामकृष्ण शास्त्री हे संस्कृतचे विद्वान. घरात पोथ्या आणि पाठांतर यांचे वातावरण. पालघाटच्या व्हिक्टोरिया कॉलेजातून मुलगा मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेला आणि १९१४ मध्ये पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन त्रिवेंद्रमच्या महाराजा कॉलेजात अध्यापक म्हणून रुजू झाला. त्रिवेंद्रमच्या वेधशाळेशीही त्यांचा तेव्हाच संबंध आला. दिवसा विद्यार्थ्यांना प्रयोग दाखवायचे आणि उरलेल्या वेळात पावसाच्या, वादळी ढगांच्या नोंदी चाळायच्या, असा सात वर्षांचा क्रम होता. आकाशाची गोडी त्यांना लागली ती तिथे.

१९२१ च्या डिसेंबरात ते कलकत्त्याला रामन यांच्याकडे संशोधनासाठी दाखल झाले. त्याच वर्षी युरोपहून बोटीने परतताना रामन यांनी समुद्राच्या निळाईचा प्रश्न हाती घेतला होता. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे तोवर मानले जाई. पाण्याचे रेणू स्वतःच सूर्यप्रकाश विखुरतात आणि त्यातूनही निळाई येते, हे रामन यांना दाखवायचे होते. प्रकाशाच्या या विखुरण्याला शास्त्रात प्रकीर्णन म्हणतात. बोबाजार स्ट्रीटवरील इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत या विषयाभोवती तरुणांचा एक मेळाच जमला होता. रामनाथन त्यात वयाने आणि अनुभवाने थोडे वडीलधारे होते.

१९२३ मधील एक प्रयोग येथे थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली त्यात आहे. रामनाथन यांनी शुद्ध पाण्यातून सूर्यप्रकाशाचा झोत सोडला आणि वाटेत जांभळी काच धरली. म्हणजे पाण्यात फक्त जांभळा प्रकाश शिरला. बाजूने पाहताना डोळ्यापुढे हिरवी काच धरली. ही काच जांभळा प्रकाश अडवते. नियमाप्रमाणे आता पूर्ण अंधार दिसायला हवा होता, कारण विखुरताना प्रकाशाचा रंग बदलत नाही, अशी सर्वांची समजूत होती. तरीही एक अगदी क्षीण उजेड दिसत राहिला. पाण्यात काहीतरी घाण राहिली असावी आणि ती चमकत असावी, असा स्वाभाविक तर्क निघाला. रामन यांच्या सांगण्यावरून रामनाथन यांनी द्रव पुनःपुन्हा ऊर्ध्वपातित करून शुद्ध केला. उजेड कमी झाला, पण गेला नाही. निबंधात त्याची नोंद क्षीण प्रतिदीप्ती म्हणून झाली आणि विषय तिथेच राहिला. पाच वर्षांनंतर के. एस. कृष्णन यांच्यासह रामन यांनी याच उजेडाचा पाठपुरावा केला. तो अशुद्धीचा नव्हता. रेणूंशी ऊर्जेची देवघेव करून रंग बदललेला तो प्रकाश होता. नोबेल पारितोषिक स्वीकारताना रामन यांनी १९२३ च्या त्या निरीक्षणाचा आणि रामनाथन यांचा उल्लेख आवर्जून केला.

हातातून नोबेल निसटले, असे याचे वर्णन काही वेळा केले जाते. ते मला पटत नाही. ज्याला मळ समजून धुऊन काढायचा प्रयत्न केला तोच खरा ऐवज निघाला, एवढे मात्र खरे. रामनाथन यांनी या प्रसंगाबद्दल कधी कडवटपणा दाखवल्याचे कुठे वाचनात आलेले नाही. पण त्यानंतरच्या त्यांच्या प्रत्येक मोठ्या कामात हाच प्रश्न वेगवेगळ्या वेशांत पुढे येतो. उपकरणात शिरलेल्या प्रकाशापैकी किती खरा आणि किती वाटेत मिसळलेला?

त्या काळात ते रंगूनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवत आणि सुटीत कलकत्त्याला येऊन प्रयोग करीत. द्रवांतील क्ष-किरणांच्या विवर्तनावर रामन यांच्याबरोबरचा त्यांचा निबंधही याच सुमाराचा. १९२५ मध्ये मात्र त्यांनी वाट बदलली आणि भारतीय हवामानशास्त्र खात्यात प्रवेश केला.

खात्याचे मुख्यालय तेव्हा सिमल्याला होते. १९२८ मध्ये ते पुण्यास हलले आणि नव्या इमारतीला लोकांनी जुन्या गावाचे नाव चिकटवले. सर चार्ल्स नॉर्मंड यांच्यासारखा शास्त्राची कदर करणारा प्रमुख तिथे होता. एल. ए. रामदास यांच्यासारखे रामन यांच्या परंपरेतले सहकारी होते. हवामान खाते म्हणजे पाऊस कधी येणार ते चुकीचे सांगणारे खाते, ही थट्टा तेव्हाही होत असेल. पण १९३० च्या दशकातील पुण्याची ही कचेरी ही देशातील एक अव्वल संशोधनसंस्था होती, यात शंका नाही.

वरच्या हवेत काय चालले आहे, हे जमिनीवर बसून कसे कळावे? विमाने फार उंच जात नव्हती आणि उपग्रह स्वप्नातही नव्हते. आग्र्याच्या वेधशाळेतून रबरी फुग्यांना तापमान नोंदवणारी हलकी उपकरणे बांधून सोडली जात. फुगा वर जाऊन फुटे, उपकरण कुठेतरी शेतात पडे आणि परत आणून देणाऱ्याला बक्षीस मिळेल, अशी चिठ्ठी त्याला बांधलेली असे. शेतकऱ्यांनी परत आणून दिलेल्या अशा नोंदींचा आणि जावातील बटाव्हियासह अन्य देशांच्या नोंदींचा रामनाथन यांनी कसून अभ्यास केला. १९२९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी पृथ्वीभोवतीच्या पहिल्या पंचवीस किलोमीटर हवेच्या तापमानाचा नकाशा मांडला. वातावरणातील सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्तावर, सुमारे १६-१७ किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे पारा उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो, हे त्या आकृतीतून एका नजरेत दिसे. ती आकृती पुढे अनेक वर्षे हवामानशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत राहिली.

तापमानाची गोष्ट अशी, तर वाऱ्याची आणखी निराळी. वरचा वारा मोजण्यासाठी हायड्रोजन भरलेला छोटा फुगा सोडायचा आणि थिओडोलाइट या दुर्बिणीसारख्या यंत्राने त्याचा पाठलाग करायचा. फुगा मिनिटाला किती चढतो हे ठाऊक असते. दर मिनिटाला त्याची दिशा आणि कोन टिपला की कोणत्या उंचीवर वारा कुठून आणि किती वेगाने वाहतो, ते काढता येते. रात्री फुग्याखाली कागदी कंदील बांधून आत मेणबत्ती लावत. पद्धत साधी आणि स्वस्त. तिची अडचण एकच होती. फुगा दिसला पाहिजे.

वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावात वैशाखात कधी दुपारी शेताच्या बांधावर उभे राहून पाहावे. डोक्यावर आकाश निळे असते. नजर खाली आणली की निळाई विरळ होत जाते आणि क्षितिजाशी नुसता पांढुरका पडदा उरतो. हा पडदा म्हणजे धुळीच्या कणांनी विखुरलेला सूर्यप्रकाश. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून स्वच्छ आकाश निळे. धुळीचे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे. ते सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात, म्हणून धुरके पांढरे. या पांढऱ्या उजेडात पांढरा फुगा मिसळून जातो. फुगा तिथेच असतो, त्याच्यावरून परतलेला प्रकाशही येत असतो, पण मधल्या हवेने विखुरलेला प्रकाश त्याला बुडवून टाकतो. वारा जोराचा असेल तर फुगा लवकर दूर जातो, क्षितिजाकडे झुकतो आणि आणखी लवकर हरवतो. परिणामी वरच्या वाऱ्यांच्या सरासरीत निरभ्र दिवसांचे आणि मंद वाऱ्यांचे मोजमाप अधिक येई. पावसाळ्यातल्या ढगांनी तर चार महिने दारच बंद केलेले. आकडे चुकीचे नसत, अपुरे असत, आणि ते कोणत्या बाजूने अपुरे आहेत याचे भान ठेवूनच त्यांचा अर्थ लावावा लागे.

असे भान ठेवून रामनाथन आणि त्यांचे सहकारी रामकृष्णन यांनी भारत व आसपासच्या प्रदेशावरील हवेच्या अभिसरणाचे चित्र रेखाटले. कोणत्या महिन्यात कोणत्या उंचीवर वारे पश्चिमेचे आणि केव्हा पूर्वेचे, मोसमी वाऱ्यांची जाडी किती, त्यांच्या डोक्यावरून उलट्या दिशेने काय वाहते, याचा तो आराखडा होता. या काळात मुंबईच्या कुलाबा आणि अलिबाग येथील वेधशाळांची, तसेच कोडाईकॅनालच्या सौर वेधशाळेची धुराही त्यांच्याकडे काही काळ होती. पुण्याहून रात्रीच्या आकाशाच्या उजेडाचा अभ्यासही त्यांनी केला. चंद्र नसलेल्या रात्रीही आकाश काळेकुट्ट नसते. ताऱ्यांखेरीज वरच्या हवेतील अणू स्वतः अतिशय मंद प्रकाशतात. या उजेडाचे महत्त्व पुढे येईल.

रामनाथन यांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ प्रेमप्रकरण मात्र ओझोनशी होते. जमिनीपासून वीस-तीस किलोमीटरवर पसरलेला हा वायू सूर्याची घातक अतिनील किरणे अडवतो. समुद्रसपाटीच्या दाबाला आणून पसरवला तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटरचा होईल. जमिनीवरून तो मोजण्याची युक्ती ऑक्सफर्डच्या जी. एम. बी. डॉब्सन यांनी काढली. सूर्यप्रकाशातील दोन शेजारच्या अतिनील तरंगलांब्या निवडायच्या, एक ओझोन जास्त शोषतो अशी आणि दुसरी कमी शोषतो अशी. खाली पोहोचलेल्या दोन्हींच्या तीव्रतेचे गुणोत्तर पाहिले की वर ओझोन किती, ते समजते. डॉब्सन यांचे पहिले उपकरण भारतात कोडाईकॅनालला १९२८ च्या सुमारास आले होते.

इंग्लंडच्या धुतलेल्या हवेत हे ठीक चालले. पुणे-दिल्लीच्या उन्हाळ्यात काय होते? ओझोनखेरीज आणखी दोन चोर प्रकाश पळवतात. पहिला चोर म्हणजे हवेचे रेणू. ते आखूड तरंगलांबी अधिक विखुरतात. ३११ आणि ३३२ नॅनोमीटर या नेहमीच्या जोडीत पहिली सुमारे ३० टक्के जास्त विखुरली जाते. पण या चोराची चाल ठरलेली असते. हवेचा दाब माहीत असला की त्याचा हिशेब अचूक मांडता येतो. दुसरा चोर धुरके. त्याची चाल कणांच्या आकारावर ठरते आणि कण रोज बदलतात. वळवाच्या सरीनंतर एक हिशेब, आंधीनंतर दुसरा, हिवाळ्यातील चुलींच्या धुरानंतर तिसरा. धुरक्याने आखूड तरंगलांबी थोडी जरी जास्त विखुरली, तरी उपकरण ती तूट ओझोनच्या नावावर टाकते. म्हणजे आकाशात नसलेला ओझोन कागदावर उगवतो.

रामनाथन आणि त्यांचे सहकारी आर. व्ही. करंदीकर यांनी नेमका हा प्रश्न धरला. डॉब्सनच्या उपकरणाने केलेल्या ओझोनच्या मोजमापांवर धूळ आणि धुरके यांचा परिणाम, असा सरळ मथळा असलेला त्यांचा निबंध १९४९ मध्ये लंडनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. एका जोडीवर विसंबू नका, वेगवेगळ्या तरंगलांब्यांच्या जोड्या ताडून पाहा, असा त्या कामाचा रोख होता. धुरके जवळजवळच्या तरंगलांब्यांवर साधारण सारखाच परिणाम करते. ओझोन मात्र तसे करीत नाही. मग दोन जोड्यांची वजाबाकी केली की धुरके बहुतांशी गळून पडते आणि ओझोन उरतो. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासून दुहेरी जोडीची ही पद्धत जगभर प्रमाण मानली जाऊ लागली. तिचे श्रेय एकट्या रामनाथन यांचे नाही, डॉब्सन आणि इतरही अनेकांचे आहे. पण धुळीच्या देशात बसून धुळीचा हिशेब मांडणाऱ्यांत ते पुढे होते. कलकत्त्याला जो मळ वाटला तो ऐवज ठरला होता. पुण्यात ऐवज वाटणाऱ्या आकड्यातून मळ निवडून काढायचा होता. दोन्ही वेळा काम चिकाटीचेच होते.

१९४८ मध्ये रामनाथन हवामान खात्यातून निवृत्त झाले. वय ५५. पेन्शन घेऊन कल्पातीला परतावे, नातवंडांना गोष्टी सांगाव्यात, असे हे वय. पण अहमदाबादेत विक्रम साराभाई या २८-२९ वर्षांच्या तरुणाने नुकतीच भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली होती. साराभाईंनी त्यांना पहिले संचालक म्हणून बोलावले आणि ते गेले. वयाने निम्म्या असलेल्या माणसाच्या स्वप्नात सामील होण्यासाठी एक प्रकारचे मोठेपण लागते. सुरुवातीला प्रयोगशाळेला धड इमारतही नव्हती. १९५२ मध्ये कोनशिला बसवायला रामन स्वतः आले आणि १९५४ मध्ये उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. रामनाथन तिथे १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संचालक होते आणि त्यानंतरही अखेरपर्यंत मानद प्राध्यापक राहिले.

अहमदाबादेतील त्यांचे ओझोनविषयक काम विखुरलेल्या प्रकाशावरच उभे होते. सूर्य मावळताना डोक्यावरच्या आकाशाकडे उपकरण रोखले तर त्यात सूर्याचा थेट प्रकाश येत नाही. येतो तो फक्त हवेने खाली विखुरलेला. अतिनील किरणांपैकी ओझोन जास्त शोषतो ती तरंगलांबी सूर्य उतरेल तशी दुसरीच्या तुलनेत मंद होत जाते. पण सूर्य अगदी क्षितिजाशी आला की ही घसरण थांबते आणि गुणोत्तर उलटे फिरते. कारण आता तिरप्या वाटेने ओझोनच्या थरातून येणारा प्रकाश जवळजवळ संपलेला असतो. उरतो तो थराच्याही वर विखुरला गेलेला आणि मग सरळ खाली उतरलेला. जर्मन भाषेत ‘उमकेर’ म्हणजे उलटणे. स्विस शास्त्रज्ञ गोट्झ यांना १९२९ मध्ये स्पिट्सबर्गेन बेटावर हा परिणाम दिसला होता. हे वळण कसे येते यावरून ओझोन कोणत्या उंचीवर किती आहे, हे जमिनीवरून सांगता येते. करंदीकर आणि रामनाथन यांनी ही पद्धत भारतीय आकाशाला लावली, तेव्हा येथील ओझोनचा सर्वांत दाट थर युरोपपेक्षा अधिक उंचीवर असल्याचे दिसले.

येथेही एक गोम होती. हिशेब असे धरून चालतो की प्रकाश वाटेत एकदाच विखुरला. प्रत्यक्षात तो दोनदा, तीनदा, कितीदाही विखुरतो. सूर्य क्षितिजावर असताना असा भटकलेला प्रकाश एकूण प्रकाशाचा मोठा हिस्सा होतो. रामनाथन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी, विशेषतः जे. व्ही. दवे यांनी, या अनेकवार विखुरण्याचा हिशेब मांडण्याचे किचकट गणित हाती घेतले. आज संगणक क्षणात करील ते काम तेव्हा यांत्रिक गणकयंत्राचे हँडल फिरवत महिनोन्महिने चाले. १९५७ मध्ये भूभौतिक वर्षाच्या नियमपुस्तकात रामनाथन-दवे यांची गणितपद्धती समाविष्ट झाली आणि जगातील केंद्रे ती वापरू लागली. १९६३ मध्ये बालीतील आगुंग ज्वालामुखी फुटला आणि त्याची धूळ स्थितांबरात पोहोचली, तेव्हा हीच उमकेर निरीक्षणे बिघडली आणि वरच्या थरांत ओझोन खोटाच कमी दिसू लागला. दुसरा चोर आता वीस किलोमीटरवर जाऊन बसला होता.

याच वर्षी त्यांचा एक छोटासा निबंध आला. लांबीला छोटा, पण माझ्या मते त्यांच्या सर्वांत देखण्या कामांपैकी एक. विषुववृत्तावर वीस-तीस किलोमीटर उंचीवरचे वारे साधारण सव्वादोन वर्षांच्या फेऱ्यात पूर्वेचे पश्चिमेचे आणि पुन्हा पूर्वेचे होतात, हे नुकतेच उघड झाले होते. उष्ण कटिबंधातील ओझोनच्या प्रमाणातही तसाच दोन वर्षांचा चढउतार असल्याचे रामनाथन यांनी दाखवले. जमिनीवर धुळीशी झुंजत घेतलेल्या ओझोनच्या नोंदी वरच्या वाऱ्याची खबर देत होत्या. ते तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

आणि मग २१ नोव्हेंबर १९६३ ची संध्याकाळ. केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा येथून भारतभूमीवरील पहिले संशोधन-अग्निबाण झेपावले. अमेरिकेने दिलेल्या नायकी-अपाची अग्निबाणावर फ्रान्सने पुरवलेली सोडियमची वाफ होती. ही घटना देशाच्या अंतराळयुगाची सुरुवात म्हणून सर्वांना माहीत आहे. तो प्रयोग कशासाठी होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तो वरच्या हवेतील वारा मोजण्याचा प्रयोग होता. रामनाथन संचालक असलेल्या प्रयोगशाळेतील पी. डी. भावसार हे त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. जमिनीवर सूर्य मावळलेला, पण शेकडो किलोमीटर उंचीवर अजून ऊन. त्या उन्हात सोडियमची वाफ नारिंगी उजळते, वारा तिची रेघ वेडीवाकडी ओढतो आणि दूरदूरच्या ठिकाणांहून एकाच वेळी घेतलेल्या छायाचित्रांवरून वाऱ्याचा वेग निघतो. वेळ चुकली तर सगळे फुकट. लवकर सोडले तर खालच्या हवेने विखुरलेल्या संधिप्रकाशात रेघ बुडते, उशीर झाला तर वाफेवर पृथ्वीची सावली पडते. मधली काही मिनिटेच हाताशी. पुण्याच्या पांढऱ्या फुग्याला ज्या उजेडाने गिळले होते, त्या उजेडातून वाट काढण्याची ही वेळ होती. सोडियमचा नारिंगी ढग त्या संध्याकाळी केरळ-तमिळनाडूतल्या असंख्य लोकांनी पाहिला.

अग्निबाण रोज सोडता येत नाहीत. म्हणून रात्रीच्या आकाशातील ज्या मंद उजेडाचा मागे उल्लेख केला, त्याचाच उपयोग पुढे वारा मोजण्यासाठी झाला. पुणे विद्यापीठात चिपळूणकर आणि पी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५० च्या दशकात या उजेडाची निरीक्षणे घेतली होती. कुलकर्णी पुढे अहमदाबादच्या प्रयोगशाळेत गेले आणि माउंट अबूवरून हे काम वाढले. आता कोल्हापुरातही भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे असे निरीक्षण केंद्र आहे. सुमारे २५० किलोमीटर उंचीवरचे ऑक्सिजनचे अणू तांबडा प्रकाश देतात. हवा आपल्या दिशेने येत असेल तर त्याची तरंगलांबी किंचित आखूड होते, दूर जात असेल तर किंचित लांब. रेल्वे इंजिनाच्या शिट्टीचा सूर येताना चढा आणि जाताना उतरता लागतो, तसेच. पण सेकंदाला १०० मीटर वेगाच्या वाऱ्याने होणारा फरक तीस लाखांत एक एवढाच असतो. तो पकडण्यासाठी फॅब्री-पेरो हे व्यतिकरणमापक लागते.

आणि तो जुना चोर येथेही हजर. उपकरण उत्तरेकडे रोखलेले असले, तरी दक्षिणेकडचा उजेड खालच्या हवेत विखुरून त्यात शिरतो आणि आपल्याबरोबर दक्षिणेच्या वाऱ्याची खूण आणतो. एका बाजूचे आकाश दुसरीपेक्षा बरेच उजळ असेल, तर मंद बाजूच्या मोजमापात उजळ बाजूच्या वाऱ्याची सरमिसळ होते. थेट डोक्यावर पाहिल्यास तर हवा वर-खाली जोराने हलते आहे, असा भास होऊ शकतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या एका गटाने १९८३ मध्ये या परिणामाचा हिशेब मांडला. २०१७ मध्ये तो विषय पुन्हा उघडला गेला आणि चुंबकीय वादळांच्या रात्री दिसणारे काही प्रचंड उभे वारे हे वारे नसून विखुरलेल्या प्रकाशाची करामत असू शकते, असे दिसून आले. धुरके जितके दाट तितकी ही सरमिसळ जास्त. म्हणून अशा निरीक्षणाच्या रात्री हवेतील धुरक्याचेही माप हाताशी असावे लागते. १९४९ च्या रामनाथन-करंदीकर निबंधाचा रोख वेगळा कुठे होता?

मानसन्मान त्यांना भरपूर मिळाले. १९५४ ते १९५७ या काळात ते आंतरराष्ट्रीय भूगणित व भूभौतिकी संघाचे अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. जागतिक हवामान संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार १९६१ मध्ये, पद्मभूषण १९६५ मध्ये आणि पद्मविभूषण १९७६ मध्ये. तरी त्यांचे नाव प्रयोगशाळांबाहेर फारसे गेले नाही. अहमदाबादेत एक मोठे सभागृह त्यांच्या नावाने आहे. पुण्यातल्या त्या चौकात मात्र नाव अजून सिमल्याचेच.

नव्वदी उलटली तरी ते प्रयोगशाळेशी जोडलेले होते. ३१ डिसेंबर १९८४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, मे १९८५ मध्ये, जोसेफ फार्मन आणि त्यांच्या दोन ब्रिटिश सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला दर वसंतात मोठे भगदाड पडत असल्याचे ‘नेचर’मध्ये जाहीर केले. तो शोध उपग्रहाचा नव्हता. हॅली बे येथील बर्फावर १९५० च्या दशकापासून ठेवलेल्या डॉब्सनच्या उपकरणाने जमिनीवरून घेतलेल्या नोंदींतून तो लागला होता.